ढालोबाचा लायटर

मित्रांनो, मी एक जुना लायटर आहे. सिगारेट पेटवायचा, पितळेचा, वरून क्रोमचा मुलामा दिलेला. वय तुमच्या आजोबांच्या आसपास असेल, पण दिसतो मात्र काल दुकानातून आणल्यासारखा. लोक माझ्या या रूपाचे कौतुक करतात आणि मला त्याचीच लाज वाटते. का, ते सांगतो. गोष्ट आनंदाची नाही, हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

माझा जन्म लायटरच्या एका कारखान्यात झाला. पितळी पत्र्याची पट्टी यंत्राखाली गेली आणि तिची डबी झाली. डबीला बिजागरीचे झाकण लागले, आत कापूस भरला, कापसात वात रोवली, वर एक खरखरीत चाक बसवले आणि चाकाखाली तांदळाच्या दाण्याएवढा चकमकीचा दगड. चाक फिरले की ठिणगी, ठिणगी पडली की ज्योत. एवढेच माझे शिक्षण. तळावर कारखान्याचा बारीक शिक्का बसला आणि मी बाकीच्या भावंडांसोबत खोक्यात जाऊन पडलो.

त्या काळी कंपन्या आमच्यासारखे लायटर घाऊक विकत घेऊन, त्यांच्यावर आपले चित्र छापून फुकट वाटत असत. टायरवाले वाटत, रंगवाले वाटत, शिलाई यंत्रवाले वाटत. सिगारेट ओढणारा माणूस दिवसभर खिशात हात घालणार आणि दर वेळी आपले नाव वाचणार, असा त्यांचा साधा विचार. जन्म एकाच्या घरी आणि कपाळावर नाव दुसऱ्याचे, अशी आमची जात.

माझ्या वाट्याला आली ती आग रोखणारा माल बनवणारी कंपनी. बॉयलरला आणि भट्ट्यांना गुंडाळायच्या अ‍ॅस्बेस्टॉसच्या जाड पांढऱ्या चादरी तिथे तयार होत. कंपनीने माझ्या पोटावर लाल रंगात एक बुटका, ढेरपोट्या माणूस काढला. त्याच्या हातात ढाल, ढालीपुढे मान टाकलेली ज्वाला आणि खाली अक्षरे, ‘आग इथेच थांबते’. आग रोखणाऱ्याची जाहिरात आग लावणाऱ्याच्या पोटावर आहे, हे साहेबांपैकी कुणाच्या लक्षात आले नाही. कामगारांच्या मात्र पहिल्याच दिवशी आले. त्या बुटक्याचे नाव त्यांनी ढालोबा ठेवले.

कंपनीत पिंजण खाते होते. पोत्यांतून येणारा अ‍ॅस्बेस्टॉस तिथे यंत्रावर पिंजून मोकळा करत. या खात्यात माणसे टिकत नसत, म्हणून वर्षभर टिकेल त्याला लायटर, असे कंपनीने ठरवले. लायटर मिळाले आणि भांडणेही सुरू झाली. सगळेच ढालोबा सारखे, मग कॅन्टीनच्या टेबलावर कुणाचा कुठला हे ओळखायचे कसे? शेवटी खात्याच्या फिटरने आकड्यांचे ठसे आणि हातोडी घेतली आणि प्रत्येकाच्या लायटरच्या तळावर त्याचा हजेरीचा नंबर ठोकून दिला.

‘हलक्या हाताने मारतोय,’ तो म्हणाला. ‘पत्रा पातळ आहे. भोक पडून तेल गळलं तर लेको, तुमच्याच चड्ड्या पेटतील.’

त्याच्या ठशांपैकी साताचा पाय तुटलेला होता, त्यामुळे सात नेहमी लंगडा उमटे. माझ्यावर चारशे सत्तेचाळीस उमटला. त्या दिवसापासून मी हजारांतला एक न राहता एका माणसाचा झालो.

त्या माणसाला सगळे शीळवाला म्हणत. यंत्रांच्या धडधडाटातही त्याची शीळ दारापर्यंत ऐकू येई. पाळी संपली की पिंजण खात्यातली माणसे पिठात लोळल्यासारखी बाहेर पडत. शीळवाला घरी पोचला की त्याची लहान लेक दारातच हसू लागे.

‘आई, बाबा आज पण म्हातारे होऊन आलेत.’

त्याची बायको सदरा अंगणात झटकी आणि तोंड फिरवून घेई. ती पांढरी धूळ काय चीज आहे, हे त्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. कंपनीतल्या ज्यांना ठाऊक होते, ते पिंजण खात्यात पाऊल टाकत नसत.

मी त्याच्या खिशात वर्षानुवर्षे राहिलो. त्याच्या अंगठ्याने माझ्या कडा गुळगुळीत झाल्या, ढालोबाचे नाक झिजले. विचार करताना तो माझ्या तळावरून अंगठा फिरवत बसे. मग त्याला खोकला सुरू झाला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. जिना चढताना तो मध्येच थांबू लागला आणि कुणी पाहिले तर बुटाची नाडी बांधायला वाकू लागला. शीळ कधी बंद झाली ते मला नीट सांगता येणार नाही. ती एका दिवसात गेली नाही.

कंपनीच्या डॉक्टरांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, ‘सिगारेट सोडा.’

‘सोडतो की,’ शीळवाला म्हणाला. ‘पण डॉक्टरसाहेब, ती पेटवायला हा ढालोबा कंपनीनेच दिलाय ना?’

डॉक्टरांनी पुढच्या माणसाला हाक मारली. सिगारेटने छातीचे भले होत नाही, हे मला कुणी शिकवायला नको. पण पिंजण खात्यात सिगारेटला हात न लावणारी माणसेही तशीच खोकत होती आणि त्यांना काय सोडायला सांगायचे हे डॉक्टरांना ठाऊक नव्हते. एकेक करून ती माणसे कामावर यायची बंद झाली. फिटरही गेला.

पुढे कंपनी विकली गेली, तिने नाव बदलले, मग पुन्हा बदलले. दर वेळी जुने कागद कुठेतरी गहाळ झाले. शीळवाला घरी बसला. त्याची बायको वारली आणि लेक, जी आता पडदे शिवायचे काम करत होती, ती त्याला आपल्या दोन खोल्यांत घेऊन आली. सामान लावताना तिने राखपात्र, उरलेली पाकिटे आणि मला एका पिशवीत भरले.

‘बाबा, रागावू नका. हे आता घरात नको.’

 तिचे काही चुकले असे मी म्हणणार नाही. बापाला श्वास घेता येत नसताना कुठल्याही लेकीने हेच केले असते. पिशवी जुने सामान विकणाऱ्या दुकानात गेली आणि तिथे मी गंजक्या किल्ल्यांच्या टोपलीत बरेच दिवस पडून होतो. तिथून मला चष्मेवाल्याने उचलले.

चष्म्याचे दुकान चालवणारा हा माणूस सिगारेटला शिवतही नसे, पण जाहिरातींच्या लायटरांसाठी जीव टाकी. त्याचे काचेचे कपाट गच्च भरलेले होते. प्रत्येक लायटरमागच्या कंपनीची कुंडली त्याला पाठ. कुठली कुणी काढली, कुठल्या भावांत भांडण झाले, कुठली कुणी गिळली, सगळे तोंडावर. मला पाहताच तो बायकोला म्हणाला, ‘अगं, हा ढालोबा आहे. आधी याला मिशा होत्या. तिसऱ्या वर्षी काढल्या आणि लगेच हे वाटणंच बंद केलं. बिनमिशांचा फार दुर्मिळ.’

‘लायटर जेवढा पुसता ना,’ ती म्हणाली, ‘तेवढा एकदा घरातला पंखा पुसा. तोही दुर्मिळ होत चाललाय.’

आता चूक कशी झाली ती ऐका. गहाण ठेवलेल्या वस्तूंवर सावकार आपला नंबर ठोकत असत आणि तसे लायटर चष्मेवाल्याच्या हाती पूर्वी आले होते. माझ्या तळावरचा नंबरही त्याला तसलाच वाटला. असल्या खुणा काढून वस्तू मूळ रूपात आणायची, हा त्याचा नेम होता. काचा घासायच्या यंत्रावर त्याने मला धरले. कारखान्याचा शिक्का तेवढा सांभाळला, शेजारचा नंबर घासून काढला, मग नवा मुलामा चढवला आणि झिजलेल्या ढालोबाला रंग भरून नवे नाक दिले. हे सगळे त्याने फार मायेने केले. म्हणून तर जास्त वाईट वाटते.

काही महिन्यांनी दुकानाची घंटी वाजली आणि शीळवाल्याची लेक आत आली. जुन्या सामानवाल्याने तिला इथला पत्ता दिला होता. ती बसलीही नाही.

‘काका, तुमच्याकडे ढालोबाचा लायटर आहे ना? माझ्या वडिलांचा आहे तो. कोर्टाने कंपनीला छातीचा दवाखाना उघडायला लावलाय, पिंजण खात्यातल्या माणसांसाठी. तिथे खाट मिळते, घरी न्यायला ऑक्सिजनचं मशीन मिळतं. पण तिथे काम केल्याचा पुरावा मागतात. कागद कुणाकडेच नाहीत. सोबतचा माणूस आणा म्हणाले, तर बाबांच्या पाळीतलं कुणी जिवंत नाही. लायटरवर नंबर असेल तर चालतो. तो लंगडा सात ते ओळखतात.’

चष्मेवाल्याने मला कपाटातून काढले, उलटे केले आणि तसाच धरून उभा राहिला. तळ आरशासारखा होता. त्यात त्याला स्वतःचाच चेहरा दिसला असणार.

‘बाई,’ तो म्हणाला, ‘मी तो घासला.’

तिला आधी कळलेच नाही. कळले तेव्हा ती खुर्चीवर बसली.  मला वाटते, तिने निदान ओरडायला हवे होते.

दुकानाला कुलूप लावून तो तिच्याबरोबर दवाखान्यात आला. नोंदणीच्या टेबलावरच्या बाईंनी मला भिंगाखाली फिरवून फिरवून पाहिले.

‘काका, तुम्ही खरं बोलताय हे दिसतंय मला. पण माझ्या दिसण्यावर खाट मिळत नाही,’ त्या म्हणाल्या. मग थोडे थांबून त्यांनी आवाज खाली आणला. ‘एक करू. वडिलांनी सांगितलेला नंबर माझ्याकडे आहे. ताई, तुम्ही बोलू नका. काका, घासायच्या आधी तुम्ही तो पाहिला होता ना? मग तुम्ही सांगा. जुळला तर डॉक्टरांशी मी भांडेन.’

चष्मेवाल्याने डोळे मिटले. मित्रांनो, मी त्याच टेबलावर पडून होतो. मला तो नंबर माझ्या जन्मासारखा ठाऊक होता, आणि देवाने मला ज्योत दिली, जीभ दिली नाही.

‘सात होता त्यात. लंगडाच होता,’ तो म्हणाला.

‘असे पुष्कळ आहेत. पूर्ण सांगा.’

‘चारशेच्या घरातला. चारशे...’ तो बोटाने टेबलावर आकडे गिरवू लागला. ‘चारशे सत्त्याहत्तर?’

बाईंनी पेन खाली ठेवले. लेकीने खिडकीकडे तोंड फिरवले. ढालोबाच्या मिशा कुठल्या वर्षी उतरवल्या हे विचारले असते, तर त्याने झोपेतही सांगितले असते. हा नंबर लक्षात ठेवावा असे त्याला कधी वाटलेच नव्हते. बाईंनी तरीही अर्ज वर पाठवून दिला. वरून उत्तर आले नाही.

बाहेर पडताना त्याने मला लेकीच्या हातात दिले. म्हणाला, ‘निदान त्यांच्याकडे असू दे.’

शीळवाला खिडकीजवळ तीन उशांना टेकून बसला होता. त्याला आता आडवे होता येत नव्हते. तिने मला त्याच्या तळव्यावर ठेवले. किती वर्षांनी तो हात मला मिळाला, पण त्यात हाडे तेवढी उरली होती. त्याचा अंगठा आपोआप माझ्या तळाकडे गेला, फिरला, पुन्हा फिरला.

‘छान आहे,’ तो म्हणाला. ‘कुणाचा?’

‘बाबा, तुमचाच.’

‘नाही गं. माझ्या लायटरवर नंबर होता.’ तो श्वासासाठी थांबला. ‘हा नवा आहे. ज्याचा आहे... त्याला देऊन ये.’

तिने वाद घातला नाही. तेवढ्या बोलण्यानेच त्याला धाप लागली होती. पुढच्या पंधरवड्यात तो गेला, त्याच उशांवर, खाट आणि मशीन न मिळता. सगळे आटोपल्यावर ती दुकानात आली आणि मला काउंटरवर ठेवले. चष्मेवाला घेईना.

‘बाबांनी परत द्यायला सांगितलं होतं,’ एवढेच म्हणून ती निघून गेली.

म्हणून मी आज या कपाटात आहे. माझ्याशेजारी पुष्कळ लायटर आहेत आणि त्यांच्या तळावरून काय काय पुसले गेले, ते त्यांनाच ठाऊक. चष्मेवाल्याने घासायचे यंत्र त्यानंतर चालवले नाही. पण त्याचा आता आम्हाला काही उपयोग नाही. छंदी मंडळी येतात, मला हातात घेतात आणि म्हणतात, ‘वा, याला तर कुणी वापरलेलंच दिसत नाही.’

‘वापरलाय,’ चष्मेवाला म्हणतो. ‘खूप वापरलाय.’ आणि मला पुन्हा कपाटात ठेवतो.

मित्रांनो, जुनी वस्तू हाती आली तर तिला जरूर जपा. पण तिच्यावरचा ओरखडा, डाग, आकडा दिसला, तर फडके उचलायच्या आधी विचारा, ही कुणाची होती. आणि लवकर विचारा. माझा माणूस पाच गल्ल्या पलीकडे जिवंत बसला होता आणि त्याच्यापर्यंत विचारायला कुणी गेले नाही.