माझं छप्पर हलकं का?

खिशात काडेपेटी नाही ना? मग या आत. मी गावचं जुनं शस्त्रागार बोलतोय. विचारलं म्हणून रागावू नका, माझा जन्मच संशयातून झाला.

भिंती दोन हात जाड. झरोके वाकडे, म्हणजे बाहेरून टाकलेली ठिणगी सरळ आत येऊ नये. दाराला दोन कुलपं आणि किल्ल्या दोन वेगळ्या माणसांकडे, कारण एकट्यावर कुणाचाच भरवसा नव्हता. शिपाई बूट बाहेर काढून आत यायचे आणि जाताना खिसे उलटे करून दाखवायचे. बघून बघून मलाही खोड लागली. आलेल्या माणसाचे मी आधी हात बघतो.

छप्पर मात्र हलकं. बारीक वासे, पातळ कौलं. गाव म्हणायचं, "एवढ्या जाड भिंती आणि डोक्यावर टोपली? गवंड्याने लाकूड खाल्लं!" गवंडी गप्प राहायचा. आराखड्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही, असं फौजेने त्याच्याकडून वदवून घेतलं होतं. त्याचं नाव पडलं 'वासेखाऊ'. हळूहळू त्याला कुणी काम देईना. तो गेला, पण ते नाव त्याच्या मुलीला चिकटलं.

पुढे फौजही गेली. माझ्यात आधी पोती आली, मग मोडक्या खुर्च्या, मग नुसती धूळ.

परवा एक इंजिनिअर आला, मला पाडायचं की ठेवायचं ते ठरवायला. हातात मोजपट्टी. मोजायला येतात ते पाडायलाच, म्हणून मी त्याच्यावर डोळा ठेवून होतो. मागोमाग काठी टेकत गवंड्याची मुलगी आली. आता सत्तरीची.

"आजी, आत नका येऊ. डोक्यात काहीतरी पडेल."

"पडू दे. माझ्याच बापाने घातलंय. एकदाचं सांगून टाक बाबा, चोरी केली होती का त्याने?"

तो शिडीवर चढला. बराच वेळ वासे चाचपत राहिला. मला वाटलं, हाही तेच म्हणणार.

"चोरी कसली, आजी! हे मुद्दाम हलकं ठेवलंय. आत दारूगोळा पेटलाच, तर छप्पर उडावं, धडाका वरच्या वर जावा. भिंती टिकाव्यात, भोवतीची घरं वाचावीत. तेव्हा सगळ्यात जवळ कुणाचं घर होतं?"

"आमचंच," ती म्हणाली आणि तिथेच धुळीत बसली. मग काठी आपटून उठली. "मला एकटीला सांगून काय उपयोग? चौकात चल. तिथे सांग, मोठ्याने."

तो गेला तिच्याबरोबर. पण या जाड भिंतींपायी चौकातलं मला काही ऐकू येत नाही.

मला पाडा नाहीतर ठेवा. तुम्ही चौकातूनच आलात ना? मग खरं सांगा, बोलला का तो?