विरामचिन्हांसकट

मी वाचताना तोंड हलवते. गेली एकोणीस वर्षं मला त्याचाच पगार मिळतो, त्यामुळे ही वाईट खोड आहे असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं.

आमच्या छापखान्यात औषधांच्या खोक्यांत घालायची माहितीपत्रकं छापतात. किती गोळ्या, किती वेळा, कुणी घेऊ नयेत. एक शून्य इकडचं तिकडे झालं तर कुणाच्या तरी जिवावर बेतायचं, म्हणून आम्ही नुसत्या डोळ्यांनी काही तपासत नाही. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने छापील कागदावर बोट ठेवून ऐकायचं. वाचणारी मी, ऐकणारे मास्तर. त्यांनी कधी कुठल्या शाळेत शिकवलेलं नाही, पण चूक सापडली की ज्या नजरेने ते बघतात त्यावरून नाव पडलं. मी विरामचिन्हंसुद्धा वाचते. 'जेवणानंतर स्वल्पविराम दिवसातून दोनदा कंस सुरू लहान मुलांना देऊ नये कंस बंद पूर्णविराम.' एकदा घरी लेकीवर ओरडताना मी शेवटी 'उद्गारचिन्ह' म्हणाले होते. ती ते अजून आल्यागेल्याला सांगते.

या वर्षी मेच्या एकतीस तारखेला मास्तर निवृत्त व्हायचे होते. त्यांच्या जागी तपासणी विभागाचं प्रमुख कोण, तर मालक म्हणाले, पदवी असलेलं माणूस हवं. काम मला येतं हे त्यांनाही मान्य होतं. पण माझी पदवी तीन श्रेयांकांवर, म्हणजे क्रेडिट्सवर, अडली होती. शेवटच्या सत्रात लेक पोटात होती, एक पेपर राहिला तो राहिलाच. मालकांच्या भाच्याकडे पदवी होती. त्याला काम येत नव्हतं, पण काम येण्याचं प्रमाणपत्र कुणी मागत नव्हतं.

लेकीने शोधून काढलं की माझं जुनं कॉलेज आता एक ऑनलाइन विषय पास झाल्यावर ते तीन श्रेयांक देतं. एकतीसच्या संध्याकाळपर्यंत निकालाचा कागद दाखवलात तर खुर्ची तुमची, असं मालक म्हणाले. विषय होता स्थूल अर्थशास्त्राची ओळख. नणंद म्हणाली, "वहिनी, अगदी तुमच्या मापाचा मिळाला." त्या दिवशी मी तिला चहा विचारला नाही.

चौदा आठवडे दुपारच्या सुट्टीत मी डबा बाजूला सारून फोनवरचा धडा मोठ्याने वाचायची आणि मास्तर जेवता जेवता ऐकायचे. पहिले पंधरा दिवस सगळं डोक्यावरून गेलं. मग बेकारीचा धडा आला.

"थांब," मास्तर म्हणाले. "काम नाही, पण शोधणंही सोडलंय, तो बेकार नाही?"

"नाही. तो मोजणीतच येत नाही."

"मग आमचा धाकटा दोन वर्षं कोण होता?"

"कुणीच नाही, मास्तर."

त्यांनी घास खाली ठेवला. "पुन्हा वाच," म्हणाले. मी पुन्हा वाचलं, आणि त्या दिवसापासून हा विषय आमचा झाला. सगळ्यांनी एकदम काटकसर सुरू केली तर सगळ्यांचंच उत्पन्न घटू शकतं, हे ऐकल्यावर ते म्हणाले, "हे आमच्या घरी मात्र बोलू नकोस." मला तो विषय आवडायला लागला होता. नोकरीसाठी म्हणून सुरू केलं खरं, पण पेपरातली महागाईची बातमी पहिल्यांदाच मला कळत होती, आणि त्याचा मला चक्क गर्व वाटत होता.

परीक्षा घरी, लॅपटॉपच्या कॅमेऱ्यासमोर. दार बंद, टेबलावर कोरा कागद आणि पेन, बाकी काही नाही. लेकीने फिरवून फिरवून सगळी खोली कॅमेऱ्याला दाखवली आणि बाहेर गेली. दोन तासांत पन्नास प्रश्न. मला चांगली गेली.

चौथ्या दिवशी कॉलेजचा मेल आला, आरोपांचा. अकराव्या मिनिटापासून शेवटपर्यंत माझे ओठ हलत होते. मी हलक्या आवाजात कुणाला तरी प्रश्न सांगत होते, तेही 'कंस', 'स्वल्पविराम' अशा सांकेतिक शब्दांत. एकसष्टाव्या मिनिटाला मी 'हे चुकलंय' असं स्पष्ट म्हणाले होते, म्हणजे समोरून काही उत्तर आलं असावं. निकाल रोखला होता. गैरप्रकार मान्य केला तर सहा महिन्यांनी पुन्हा बसता येईल. नाहीतर समितीपुढे बोला.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. लेक म्हणाली, "आई, मान्य करून टाक ना. बहुतेक जण तेच करतात."

"सहा महिन्यांनी त्या खुर्चीत भाचा रुळलेला असेल."

"आणि समितीने ऐकलं नाही तर?"

"तर नाही. पण मी चोरी केली असं माझ्या सहीने कुठे लिहिलेलं राहणार नाही."

समितीने तीस तारीख दिली, सकाळी अकराची. मी आमच्या तपासणीच्या खोलीतच फोन उभा केला. मास्तर दाराबाहेर स्टूल टाकून बसले, कुणी आत येऊ नये म्हणून. पडद्यावर दोघं आले. एक बाई, त्यांनीच पेपर काढला होता. आणि एक गृहस्थ, त्यांच्यापुढे नियमांचं पुस्तक.

"तुम्ही कुणाला मजकूर सांगत होता?" गृहस्थांनी विचारलं.

"कुणालाच नाही. मी असंच वाचते. माझा धंदाच तो आहे." मी टेबलावरचं एक माहितीपत्रक उचललं आणि चार ओळी वाचून दाखवल्या, कंस आणि पूर्णविराम धरून. बाईंना हसू आलं, त्यांनी ते आवरलं.

"पण परीक्षेत मौन पाळायचं असतं."

"सर, नियम मी दोनदा वाचला होता. 'परीक्षार्थीने दुसऱ्या व्यक्तीशी बोलू नये' असा आहे. मी दुसऱ्या कुणाशी बोलले नाही."

गृहस्थांनी पुस्तकात बघितलं. जरा वेळ बघितलं.

"बरं," बाई म्हणाल्या. "मग एकसष्टाव्या मिनिटाला 'हे चुकलंय' कुणाला म्हणालात?"

"तुम्हाला."

मी सांगितलं, "प्रश्न सव्विसावा. कोष्टक दिलंय: उपभोग, गुंतवणूक, सरकारी खर्च, निर्यात, आयात. त्यावरून देशाचं एकूण उत्पादन काढा. तर आयात वजा व्हायला हवी, ती बाहेर बनलेली असते. चार पर्यायांत आयात मिळवून येणारं उत्तर आहे. वजा करून येणारं नाही. मी तीनदा बघितलं. म्हणून तो प्रश्न मी कोरा सोडला."

बाईंनी कागद ओढला आणि आकडेमोड करू लागल्या. करता करता त्यांचे ओठ हलत होते.

मी मूग गिळून बसायला हवं होतं, हे मला कळत होतं. "मॅडम," मी म्हणाले, "तुमचे ओठ हलताहेत."

बाई थांबल्या. गृहस्थ खाकरले. मग कॅमेरा बंद करून दोघं काहीतरी बोलले आणि पाच मिनिटांनी परत आले, तेव्हा गृहस्थांचा आवाज एकदम मऊ झाला होता. एक निवेदन पाठवतो म्हणाले. मी अनवधानाने शांतता भंग केली, समितीने सहानुभूतीने निकाल दिला, एवढंच. सही केली की निकाल आजच मिळेल.

"आणि सव्विसावा प्रश्न?"

"तो अंतर्गत विषय आहे."

निवेदन आलं. माझी खुर्ची त्या एका सहीवर होती. हात शिवशिवला, खोटं कशाला बोलू. उद्या संध्याकाळी मालकांना कागद दाखवायचा होता. पण सहानुभूती कसली? मी पेपर सोडवला होता, आणि त्यांचाही तपासून दिला होता.

"सही नाही करणार," मी म्हणाले. "मला माझे गुण द्या. आणि तो प्रश्न कोरा सोडून कुणी एका गुणाने नापास झालं असेल, तर त्यांचेही द्या." आणि मीच फोन बंद केला. मास्तर आत आले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चल, काम पडलंय."

एकतीस तारखेला सकाळी भाच्याने स्वतःचा कप आणून मास्तरांच्या टेबलावर ठेवला. दुपारपर्यंत काही आलं नाही. चारपर्यंतही नाही. मी त्या दिवशी वाचताना दोनदा ओळ चुकले. असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. मास्तरांनी नुसतं बोट मागे नेलं.

पाच वाजून दहा मिनिटांनी मेल आला. मी छापून घेतला आणि मालकांच्या केबिनमध्ये गेले. भाचा तिथेच उभा होता.

मालकांनी हात पुढे केला. "द्या, नजर टाकतो."

"नुसती नजर टाकली की चूक सुटते, हे तुम्हीच आम्हाला सांगता. वाचते."

मास्तर माझ्या मागोमाग आले होते. त्यांनी छापील प्रत माझ्या हातातून घेतली, मालकांच्या टेबलावर पसरली आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. मी फोनवरच्या मेलवरून वाचायला सुरुवात केली. मी उत्तीर्ण स्वल्पविराम श्रेयांक तीन कंस सुरू पदवी पूर्ण कंस बंद पूर्णविराम. प्रश्न सव्विसावा सदोष असल्याने रद्द स्वल्पविराम त्याचा गुण सर्व परीक्षार्थींना स्वल्पविराम त्यामुळे आणखी नऊ जण उत्तीर्ण पूर्णविराम. सहानुभूती हा शब्द कुठेही नव्हता. मी सही-शिक्क्यापर्यंत सगळं वाचलं, सावकाश, माझ्या नेहमीच्या आवाजात.

"बरोबर," मास्तर म्हणाले आणि बोट उचललं.

भाचा केबिनमधून निघाला आणि जाता जाता मास्तरांच्या टेबलावरचा आपला कप घेऊन गेला.