पिवळ्या रेषेपलीकडची आई

डोळ्याच्या ऑपरेशनआधी आईचं रक्त तपासलं आणि तिला हेपॅटायटिस बी असल्याचं निघालं. तिला स्वतःला काहीच त्रास नव्हता. भूक लागत होती, झोप लागत होती, वाद घालण्यातही ती कुणाला हार जात नव्हती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृताच्या डॉक्टरांना दाखवा आणि घरातल्या सगळ्यांची तपासणी करून घ्या.

मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दवाखान्याच्या भिंतीवरचा तक्ता त्यानं उभ्या उभ्या वाचून काढला. त्यात ए, बी, सी, डी, ई असे पाच प्रकार होते. आईचा बी. पण उगाच धोका कशाला, म्हणून त्यानं पाचही प्रकारांचे नियम एकट्या आईला लावले.

शिकाऊ गाड्यांच्या मैदानावर पट्टे मारायचा पिवळा रंग उरला होता. त्यानं घराच्या मधोमध रेषा ओढली. आईनं बोळातून डाव्या बाजूनं चालायचं, न्हाणीघराकडे वळताना हात दाखवायचा, स्वयंपाकघराच्या दारात थांबायचं. एकदा ती हात न दाखवता वळली, तर त्यानं तिला परत पाठवून पुन्हा चालायला लावलं. तिची ताटवाटी उकळून निघायची. पाणीही तिच्यापुरतंच उकळायचं. तो आणि त्याची बायको नळाचं तसंच प्यायचे.

सून कपडे शिवायची. तिचं मशीन नेमकं रेषेवर आलं होतं. ती बसायची इकडे, शिवलेलं कापड पडायचं तिकडे. हे काहीतरीच चाललंय, असं ती नवऱ्याला सांगून थकली. शेवटी तिनं त्याच्या मागे लागून दोघांचं रक्त तपासायला दिलं.

तिला संसर्ग नव्हता. त्याला होता. हेपॅटायटिस बी.

त्यानं अहवाल वाचला, आत गेला, आपली उशी नि पांघरूण घेतलं, न्हाणीघराशी वळताना हात दाखवला आणि आईच्या खोलीत जाऊन बसला. आता रेषेच्या एका बाजूला दोघं होते आणि दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघरासकट सगळं घर एकट्या सुनेचं होतं. तिनं जेवणाची ताटं रेषेवर ठेवली आणि म्हणाली, "उद्या तुम्ही दोघंही माझ्याबरोबर डॉक्टरांकडे येताय."

यकृताच्या डॉक्टर वयानं लहान आणि बोलायला शांत होत्या. मुलानं सगळी वाहतूक व्यवस्था तपशीलवार सांगितली. त्यांनी ती पेन बाजूला ठेवून ऐकली. मग म्हणाल्या की ए आणि ई दूषित पाण्यातून, अन्नातून पसरतात. पाणी उकळायचं असेल तर सगळ्यांसाठी उकळा. बी मात्र रक्तातून, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला जातो. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं, खोकल्यानं जात नाही. सीसुद्धा मुख्यतः रक्तातून. त्याला लस नाही, पण गोळ्यांनी बहुतेक जण बरे होतात. डी फक्त बी असलेल्यालाच गाठतो.

"म्हणजे मागच्या सीटवरचा," मुलगा म्हणाला.

"तसंच समजा. आता सांगा, घरात रेझर, नेलकटर, टूथब्रश वेगळे आहेत ना?"

नेलकटर तिघांत एकच होतं. मग आईनं हळूच सांगितलं की मुलगा कामावर गेला की ती रेषा ओलांडून त्याचा रेझर आणायची आणि टाचेचे घट्टे तासायची. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. वेगळ्या ठेवायच्या नेमक्या त्याच वस्तू तेवढ्या सामाईक होत्या.

"माझा त्याला रेझरमधून गेला?" आईनं विचारलं.

खात्रीनं सांगता येत नाही, पण बहुधा जन्माच्या वेळीच गेला असावा, असं डॉक्टर म्हणाल्या. तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं. आता बाळाला जन्मताच लस देतात.

बाहेर येऊन आई बाकावर बसली. मुलगा तिला खेटून बसला. कितीतरी दिवसांत तिच्या इतक्या जवळ कुणी बसलं नव्हतं.

"मीच दिलं रे तुला," ती म्हणाली.

"आणि मी तुला बोळात हात दाखवायला लावला," तो म्हणाला.

त्यांनी रेषा घासून काढली. आईला रोजची गोळी सुरू झाली. त्याला औषधाची गरज नव्हती, पण तपासणी ठरल्या वेळी करायची होती. सुनेनं लसीचा पहिला डोस घेतला आणि दंड दुखतोय म्हणून शिलाईला सुट्टी दिली. सगळे डोस होऊन रक्तात संरक्षण दिसेपर्यंत नवराबायकोनं काय काळजी घ्यायची, तेही डॉक्टरांनी दोघांना समजावलं होतं.

लग्न होऊन दूर गेलेल्या मुलीला आईनं स्वतः फोन करून तपासणी करायला सांगितलं. मुलगी म्हणाली, मला तर काहीच होत नाहीये.

"मलाही काही होत नव्हतं," आई म्हणाली. "उद्या सकाळी जा."