जावयाने घातलेलं तेल

चहाच्या आधी आबांनी स्वयंपाकघरातली सगळी झाकणं उघडून पाहिली. साखरेच्या बरणीचं, कॉफीच्या, बिस्किटांच्या, एवढंच काय, खिळे ठेवलेल्या बरणीचंही. सगळी डाव्या हाताने. सगळी पटापट उघडली आणि आबांचा चेहरा आणखीच पडला. बरण्या उघडणारा हा हात गाडीचा दुसरा गिअर का टाकू शकत नाही, या विचाराने गेले तीन आठवडे त्यांचं डोकं पोखरलं होतं.

आबा काही घाबरट माणूस नव्हेत. बत्तीस वर्षं त्यांनी अ‍ॅम्ब्युलन्स चालवली, आणि मागे कुणी विव्हळत असताना पुढे शांतपणे गिअर बदलले. पण गेल्या वर्षी एका सकाळी त्यांच्या डाव्या हातातला कप आपला आपण सुटून खाली पडला. डॉक्टरांनी निदान केलं, अर्धांगाचा हलका झटका. सहा महिन्यांनी हात पूर्ववत झाला, गाडी चालवायची परवानगीही मिळाली. निघताना डॉक्टरांनी मात्र बजावलं होतं, "सकाळी हात आखडला आणि हालचालीने मोकळा झाला, तरी मला येऊन सांगायचं. अंगावर काढायचं नाही."

आणि नेमकं तेच होत होतं. थंडी पडायला लागल्यापासून सकाळी गाडी काढली की पहिला गिअर कसाबसा पडे, दुसरा हटूनच बसे. दांडा रेटावा तर करकर आवाज. अर्धा तास गाडी चालली की सगळं सुरळीत. डॉक्टरांचं बोलणं अक्षरन् अक्षर खरं ठरत होतं, आणि आबा ते सगळं बिनदिक्कत अंगावर काढत होते. वर बायकोला संशय येऊ नये म्हणून शीळही घालत होते.

गाडीतच काही बिघाड असेल हे त्यांच्या मनात यायला हवं होतं. पण येणार कसं? महिन्याभरापूर्वीच जावयाने गाडीची सगळी देखभाल केली होती. जावई ट्रकच्या डेपोत मोठा मेकॅनिक. रविवारी जुने कपडे चढवून तो गाडीखाली शिरला, इंजिनाचं तेल बदललं, गिअरबॉक्सचंही बदललं आणि हात पुसत म्हणाला, "आबा, आता दहा वर्षं बघायला नको." आबा आठवडाभर ज्याला त्याला हे सांगत सुटले होते. एवढ्या गुणी जावयाच्या कामाला नाव ठेवण्यापेक्षा त्यांनी आपल्याच हाताला नाव ठेवलं.

हेही त्यांनी कदाचित वर्षभर रेटलं असतं. पण रोज सकाळी नातीला शाळेत सोडायचं काम त्यांचं होतं. काल चौकात पहिला सुटला आणि दुसरा पडेना. गाडी मधोमध अडली, मागून लॉरी भोंगा वाजवत अंगावर आली आणि मागच्या सीटवरून नात म्हणाली, "आबा, गाडी ओरडतेय." आबांनी आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. हा हात उद्या पूर्णच गेला तर? त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, गाडी विकायची.

आज शाळेला सुटी होती. बायकोने चहा पुढे केला. आबांनी बिस्कीट उचललं, तर ते मऊ.

"हेही सादळलं? दुकान बदल तू."

"बदलते," बायको म्हणाली आणि पाठ फिरवून कप विसळत राहिली.

गॅरेज घरापासून दोन गल्ल्यांवर. तिथला मेकॅनिक खिशात कायम पाना घेऊन फिरे, म्हणून त्याचं नावच पाना पडलं होतं. त्याची बायकोसुद्धा त्याला त्याच नावाने हाक मारी.

"गिऱ्हाईक बघ," आबा किल्ली पुढे करत म्हणाले. "गाडी विकायची आहे."

"ही? आबा, घरात भांडण झालंय का?"

"वय झालं माझं. जास्त विचारू नकोस."

पाना किल्ली घेऊन गाडीत बसला. गिऱ्हाईकाला दाखवायची तर आधी एक चक्कर मारून बघायला हवी. आबा दारात उभे राहिले. गाडी कोपऱ्यावर गेली आणि तिकडून आवाज आला, करकर. मग पुन्हा, जास्त जोरात. परत येताना गाडी पहिल्याच गिअरमध्ये घरघरत आली. पाना खाली उतरला तो खांदा चोळत.

"आबा, ही चालवता कशी तुम्ही? दुसरा पडतच नाही!"

"काय म्हणालास?"

"दुसरा पडत नाही म्हटलं."

"तुलापण नाही पडत?"

"माझ्या बापालाही पडणार नाही. दांडा आहे की खुंटा?"

"परत एकदा सांग."

पानाने परत सांगितलं. आबा शेजारच्या टायरच्या चळतीवर मटकन बसले आणि हसायला लागले. हसता हसता डोळे भरून आले. त्यांनी डावा हात वर धरला, उलटासुलटा करून पाहिला. तीन आठवडे त्यांनी या बिचाऱ्याला चोर ठरवलं होतं. मग पानाला सगळं सांगितलं: कप, डॉक्टर, चौकातली लॉरी. पानाचा खांदा चोळणारा हात थांबला.

"अहो, मला विचारायचं होतंत की एकदा."

"तुला विचारणार आणि तू म्हणणार गाडी ठीक आहे. मग?"

पाना गाडीखाली शिरला आणि गिअरबॉक्सचा खालचा बोल्ट सोडला. तेल आलं, पण काकवीसारखं, सावकाश. पानाने बोट बुडवून वास घेतला आणि नाक मुरडलं.

"गंधकाचा वास मारतोय. हे ट्रकच्या मागच्या आसाचं तेल. कुणी घातलं?"

"जावयाने," आबा म्हणाले. "डेपोतलं सगळ्यात भारी तेल आणलं होतं, खास आपल्यासाठी."

"भारी आहेच. पण ट्रकसाठी." पाना बाहेर आला. "आपल्या गिअरबॉक्समध्ये बारक्या पितळी रिंगा असतात. त्या घासून वेग जुळवतात, तेव्हा गिअर पडतो. असलं जाड तेल गारठलं की त्या रिंगांना पकडच मिळत नाही. तापलं की पातळ होतं, मग चालतं. शिवाय त्यातलं गंधकाचं औषध पितळेला बरं नाही. तीन-चार आठवडेच झालेत, रिंगा शाबूत असतील."

मागे फळीवर डबे होते. आबांनी लाल तेलाच्या डब्याकडे बोट दाखवलं. "हे पातळ दिसतंय. टाक."

"काही गाड्यांना चालतं. आपल्या गाडीला चालतं का, मला काय ठाऊक? अंदाजाने घातलं म्हणूनच तर तुम्ही इथे बसलाय. पुस्तक काढा."

पुस्तक गाडीच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत जसंच्या तसं होतं. बारा वर्षांत कुणी उघडलं नव्हतं. आबांनी चष्मा लावला आणि पानं उलटत शेवटी ती ओळ मोठ्याने वाचली, "पंच्याहत्तर डब्ल्यू ऐंशी, जीएल चार." पानाने तोच आकडा डब्यावर शोधला, आबांना दाखवला, आणि मगच झाकण फोडलं. बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत तेल भरलं.

"बसा. आता तुम्हीच."

आबांनी गाडी काढली. पहिला. मग डाव्या हाताने दांडा ओढला आणि दुसरा आवाज न करता जागेवर गेला. त्यांनी गल्लीला पाच फेऱ्या मारल्या. काही कारण नव्हतं, नुसताच दुसरा टाकायचा होता.

"जावयाला काय सांगणार?" पानाने विचारलं.

"सांगणार, तुमचं तेल आमच्या गाडीला झेपलं नाही."

घरी आले तेव्हा बायको ओट्यापाशीच होती. आबांनी चप्पलही न काढता सगळं सांगून टाकलं. तिने हातातलं फडकं खाली ठेवलं आणि खुर्चीचा आधार घेतला. तिचा जीव भांड्यात पडला होता. तरी आवाज करडा ठेवून ती म्हणाली, "डॉक्टरांकडे उद्या जायचंच. मी येणार बरोबर."

"जाऊ की. पण हात ठणठणीत आहे. रोज सकाळी सगळ्या बरण्या उघडून बघत होतो मी. तुला काय ठाऊक!"

बायको हळूच म्हणाली, "ठाऊक होतं. पहिल्या दिवशीच पाहिलं मी. म्हणून तर झाकणं सैल करून ठेवत होते."

आबांचं हसू थांबलं. "सगळी?"

"सगळी. एखादं उघडलं नसतं तर तुम्ही खचला असता. आणि विचारायची माझी हिंमत होईना." तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

आबांनी बिस्किटांची बरणी तिच्यापुढे ठेवली.

"लाव. अंगात असेल नसेल तेवढा जोर लाव."

"कशाला उगाच?"

"लाव म्हणतो ना."

तिने फडक्यात झाकण धरलं, ओठ आवळले आणि लाल होईपर्यंत पिळलं. आबांनी उजव्या हाताने बरणी पोटाशी धरली, डाव्याने झाकण पकडलं. झाकण हललं नाही. बायकोने श्वास रोखला. आबांनी पकड बदलली, बोटं नीट रुतवली आणि पुन्हा फिरवलं.

टक् झालं. झाकण त्यांच्या हातात आलं.

दोघं त्या झाकणाकडे बघत राहिली. मग आबांनी एक बिस्कीट काढून तोंडात टाकलं.

"मऊच आहे."

"तीन आठवडे उघडीच होती की बरणी," ती डोळे पुसत म्हणाली. "आता द्या परत लावून. आणि मला उघडता येईल इतपतच लावा."