तिसऱ्या दिवसाचं माप

सोजराबाई पालघरच्या इस्पितळात वारली, त्या सकाळी बोईसरच्या आमच्या खोलीत शेजारी जमले. कुणीतरी पाणी काढायला मोरीतून मला उचललं. तिचा नवरा बन्सी म्हणाला, "तो मग नको. तिच्या मापाचा आहे." तेव्हा मला कळलं, की ती आता परत यायची नाही.

मित्रांनो, मी एक जुना प्लॅस्टिकचा मग आहे. माझ्या अंगावर पन्नासपासून हजार मिलिलिटरपर्यंत रेघा आहेत. सोजराबाईने मला भाताचं पाणी मोजायला आणलं होतं. तिच्या मोकळ्या भाताचं कौतुक व्हायचं, ते मी माझंच समजायचो. पुढे माझी दांडी तुटली आणि मी मोरीत आलो. रेघांकडे कुणी बघेना.

सोजराबाईला कुणी बोलत नसताना आवाज ऐकू यायचे. अठरा वर्षं गोळ्या चालू होत्या. आवाज थांबले, ती पहिल्यासारखी हसू लागली. पण गेली दोन वर्षं साडी नकळत ओली व्हायची. त्या भीतीने दुपारनंतर तिने पाणी पिणंच सोडलं. डॉक्टरांना दोघांनीही सांगितलं नाही. तो डोक्याचा डॉक्टर, त्याला खालचं काय सांगायचं, असं त्यांना वाटे. शेवटी ती म्हणाली, आता गोळ्याच बंद करते. बन्सी घाबरला. आवाज परत आले तर?

त्याने वस्तीतल्या आरोग्याचं बघणाऱ्या आशा सेविकेला, जागृतीला, घरी बोलावून विचारलं. ती मासवण गावची. ती सोजराबाईला म्हणाली, "मावशी, गोळी आपल्या मनानं बंद नाय करायची. गोळ्यांनी असं होतं कधी कधी, त्यावर उपाय हाय. किती पाणी पिता नि किती लघवी होते, तीन दिवस मोजा, लिवा, नि कागद त्याच डॉक्टरला दाखवा."

"मी काय म्हैस हाये का गं, रोज माप घ्यायला?"

"म्हैस लाजत नाय, मावशी."

सोजराबाई खूप दिवसांनी खळखळून हसली. पाणी पेल्याने मोजायचं ठरलं आणि लघवी माझ्याने. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या रेघा वाचत होतं. मला मोठं कुतूहल वाटलं. साडी तर सारखी भिजते, मग माझ्यात दर खेपेला पन्नास-साठच का? आणि जाऊन आल्यावरही ती पोट दाबून का बसते?

बन्सी तारापूरच्या कारखान्यात तासातासाला टाक्यांची पातळी लिहायचा. दुसऱ्या दिवशी चहा पिताना तो आकड्यांकडे बघत राहिला. मग म्हणाला, "सोजर, तुला जास्त होत नाही. तुझी टाकी रिकामीच होत नाही. खालून पुरतं निघत नाही, म्हणून भरून सांडतं."

"बावीस वर्षं दुसऱ्याच्या टाक्या बघितल्या. घरातली आज दिसली व्हय?"

सोमवारी डॉक्टरांकडे जायचं ठरलं. पण तिसऱ्या दिवशी सकाळीच तिला थंडी वाजून ताप भरला. बन्सीने रिक्षा बोलावली. घाईत कागद घरीच राहिला. साचलेल्या लघवीतला जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला होता, असं इस्पितळात सांगितलं.

आधी सांगितलं असतं तर ती वाचली असती का, ते मला ठाऊक नाही. मी फक्त मोजू शकतो. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी अशा गोळ्या घेत असेल, तर लघवीचंही विचारा. गोळ्या देणाऱ्या डॉक्टरलाच सांगा. लाजू नका, आणि गोळी आपल्या मनाने सोडू नका.

कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला आहे. तिसऱ्या दिवसाचा रकाना कोरा आहे. डॉक्टरांना तो अजून दाखवायचा राहिला आहे.