नसलेल्या दाढेतला किडा

"निघाला! निघाला!" चौकातली गर्दी एका सुरात ओरडली. दातबाबांनी म्हाताऱ्याच्या तोंडातली पितळी नळी वाटीत झटकली आणि पाण्यात पांढरा किडा वळवळला.

"सगळ्या रोगांचं मूळ दाढेत!" बाबा गरजले. "किडा गेला की रक्त शुद्ध! गोळ्या नकोत, सुया नकोत, काही विचारणार नाही!"

हे शेवटचं वाक्य शिंपीणबाईंच्या काळजात शिरलं. शेजारी त्यांची नऊ वर्षांची भाची गाल दाबून उभी होती. बहीण गेली तेव्हा पोर आणि पोरीचा एचआयव्ही, दोन्ही बाईंच्या पदरात आले. कुणाला कळू नये म्हणून बाई कुणाकडे जात नसत, कुणाला बोलवत नसत. कारखान्यात डबासुद्धा मशीनकडे तोंड करून खात. दातांच्या एका दवाखान्यात त्यांनी खरं सांगून पाहिलं होतं. "आमच्याकडे सोय नाही," म्हणून तिथून वाटेला लावलं होतं.

बाबांनी काही न विचारता पोरीची हनुवटी धरली. बाईंचे डोळे भरून आले. लवंगेचं तेल, धूर, मंत्र, नळी... आणि वाटीत किडा! बाई हसल्या.

"चालू असतील ती औषधं आजपासून बंद. अमृतात विष कशाला?"

बाईंनी बंद केली.

चौथ्या दिवशी गाल सुजला.

"मावशी, रागावणार नाहीस ना?" भाची हळूच म्हणाली. "बाबांनी किडा काढला ना, तिथली दाढ केव्हाच पडलीये."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तू किती दिवसांनी हसत होतीस."

बाईंनी तडक मोठं रुग्णालय गाठलं. तिथल्या दातांच्या डॉक्टरीणबाईंनी फाइल वाचली, बाबांची हकिगत ऐकली आणि पोरीला खुर्चीत बसवलं.

"हातमोजे घालता, ते हिच्यामुळे?" बाईंनी चाचरत विचारलं.

"सगळ्यांसाठीच घालते. तोंड उघड, बाळा."

शेजारच्या किडलेल्या दाढेखालचा पू काढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "दातात किडा नसतोच. गोडाचे कण चिकटतात, जंतू त्यांचं आम्ल करतात, ते दात पोखरतं. लाळ राखण करते, पण या आजारात तिचीही ताकद कमी पडते. त्यात लहानपणापासूनचं औषधाचं गोड सिरप. गोळ्या अशाच बंद ठेवल्यात तर उरलीसुरली राखणही जाईल. आजच सुरू करा. दोनदा ब्रश, खाल्ल्यावर चूळ, आणि दर तीन महिन्यांनी माझ्याकडे."

"आणि तो वाटीतला किडा?"

"पिठात अळ्या पाहिल्यात ना?"

दुसऱ्या दिवशी बाई भाचीला घेऊन चौकात पुढे झाल्या. "बाबा, माझीही दाढ दुखतेय. आधी नळी दाखवा."

"स्पर्श झाला तर सिद्धी जाईल!"

"जाऊ द्या." बाईंनी नळी हिसकावून फरशीवर आपटली. ओला कापसाचा बोळा पडला, त्यामागून तीन अळ्या. गर्दी हसली. बाबांनी गाशा गुंडाळला.

"पण तुमच्या भाचीला आराम पडला होता की!" कुणीतरी म्हणालं.

"तेलानं बधिर झालं होतं. सूज आली चौथ्या दिवशी."

"तिला औषधं कसली चालू आहेत हो?" शेजारीणबाईंनी विचारलं.

"रोजची," एवढंच म्हणून बाई भाचीचा हात धरून निघाल्या. मागून कुणी आलं नाही.

बाई काही खुळ्या नव्हत्या, एकट्या होत्या. विचारायला माणूस नसलं की काही न विचारणारा भोंदूही आपला वाटतो. म्हणून सांगायचं ते एवढंच: चमत्कार दिसला तर हात जोडण्याआधी नळी तपासा. डॉक्टरांनी दिलेलं औषध कुणा बाबाच्या शब्दावर थांबवू नका. आणि आजारी पोराच्या घरी जाऊन बसा, एका ताटात जेवा. त्यानं एचआयव्ही लागत नाही.