एकशे सत्त्याण्णव दिवस

अठ्ठ्याण्णव साली कुवेतमधल्या फरवानियातल्या त्या दोन खोल्यांत रोज दहा अपघात होत. वॉकरमध्ये बसलेली आठ महिन्यांची अलिना कधी फ्रिजला धडके, कधी कपाटाला, आणि दर धडकेला भोकाड पसरून स्वतःच रिपोर्ट देई. असमाला, तिच्या आईला, त्या रिपोर्टाचं भारी कौतुक.

असमाचा नवरा नझीर विमानतळावर सामान चढवणाऱ्या टोळीत होता. तिथे मात्र एकशे सत्त्याण्णव दिवसांत एकही अपघात नव्हता. कॅन्टीनच्या दारावर तसा फलकच होता. दोनशे भरले की प्रत्येकाला भिंतीवरचं घड्याळ आणि मटण बिर्याणी. शिड्या वाकत, गाड्यांना पोचे येत; पण ती म्हणे नुसती झीज.

त्या दिवशी नझीर दुपारीच घरी आला आणि ताट पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला.

"काय झालं?"

"मुझफ्फरनं सामान चढवायची पट्ट्याची गाडी विमानावर घातली. सामानाच्या दाराखाली तळहाताएवढा पोचा पडलाय."

मुझफ्फर असमाचा धाकटा भाऊ. नवऱ्याच्या मागे लागून तिनेच त्याला या कामाला चिकटवलं होतं.

"साहेब काय म्हणाले?"

"रविकांतसाहेब म्हणाले, कोणी पाहिलं नाही तो अपघात नव्हे. तीन दिवस कळ काढा."

"आणि विमान?"

"पाचला सुटतंय. वर गेलं की ते आतून फुग्यासारखं ताणलं जातं. पोचा टिकेलही." नझीरने भात चिवडला. "नाहीही टिकणार."

"मग इंजिनिअरला का नाही सांगितलंत?"

"तुझा भाऊ आहे. तुला न विचारता कसं सांगू?"

साडेतीन वाजले होते. तेवढ्यात मुझफ्फरचाच फोन आला.

"आपा, दुल्हेभाईंना समजाव गं. विमान केवढं, पोचा केवढा! सगळी पोरं बिर्याणीसाठी माझ्या पाया पडतायत."

"विमानात लहान मुलं आहेत?"

"असतीलच की," तो पुटपुटला.

असमाने अलिनाला कडेवर घेतलं. "दहा मिनिटं देते. तू जाऊन सांग, नाहीतर हे सांगतील. नोकरी गेली तर जेवायला माझ्याकडे ये."

मुझफ्फर गेला. इंजिनिअरला पोच्यामागे बोटभर चीर सापडली. विमान नऊ तास अडकलं, प्रवाशांनी सगळ्यांचा उद्धार केला. धडधाकट होते म्हणून शिव्या देणं तरी जमलं. फलकावर शून्य चढलं. मुझफ्फरची गाडी काढून हातात झाडू दिला. स्वतःहून सांगितलं म्हणून नोकरी तेवढी वाचली. रविकांतसाहेबांना जागरूकतेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

शुक्रवारी मुझफ्फर फुगूनच आला. असमाने बिर्याणी वाढली.

"घड्याळ पण दे आता," तो म्हणाला.

इतक्यात अलिनाचा वॉकर त्याच्या नडगीवर आपटला आणि तिने भोकाड पसरलं. त्याने तिला उचलून छातीशी धरलं.

"कळलं गं बाय, कळलं," तो थोपटत म्हणाला. "तुला सांगायला दहा मिनिटं पण द्यावी लागत नाहीत."